छायाचित्राचे स्थान आणि घड्याळाची साक्ष : जीपीएस लॉगरच्या नोंदींचा इतिहाससाधन म्हणून विचार

प्रस्तावना :
छायाचित्र हे आधुनिक इतिहासलेखनाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. तथापि, छायाचित्रात काय दिसते यापेक्षा ते कोठे व केव्हा घेतले गेले, हे निश्चित करणे अनेकदा अधिक कठीण असते. एखाद्या वीरगळाचे जुने छायाचित्र हाती असते, परंतु तो वीरगळ मुळात शिवेवर उभा होता की मंदिराच्या आवारात, हे त्यावरून सांगता येत नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जीपीएस लॉगर आणि संगणक यांच्या साहाय्याने प्रवासातील छायाचित्रांना अक्षांश-रेखांश जोडण्याची पद्धत प्रचारात आली, तेव्हा ही अडचण दूर झाल्यासारखे वाटले. त्या काळातील छायाचित्रे आता स्वतःच इतिहासाची साधने बनू लागली आहेत. त्यांच्यातील स्थाननोंदींवर अभ्यासकाने कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पद्धतीचा उदय :
अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९७३ मध्ये जीपीएस प्रकल्प हाती घेतला. त्याचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ही यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित झाली. नागरी वापराच्या संकेतांत मात्र हेतुपुरस्सर त्रुटी ठेवलेली असे. त्यामुळे स्थानात सुमारे १०० मीटरपर्यंत फरक पडू शके. मे २००० मध्ये हे बंधन उठविण्यात आले व सामान्य उपकरणेही मोकळ्या जागी साधारणतः १० ते २० मीटरपर्यंत अचूक स्थान दर्शवू लागली.

दुसरीकडे, छायाचित्राच्या फाइलमध्येच वेळ, कॅमेरा इत्यादी तपशील साठविणारे 'एक्झिफ' हे मानक जपानमध्ये १९९५ साली तयार झाले व पुढे त्यात अक्षांश-रेखांशांसाठीही जागा ठेवण्यात आली. प्रवासमार्गाची नोंद साठविणारे 'जीपीएक्स' हे स्वरूप २००२ मध्ये आले. २००५ मध्ये गूगल अर्थ उपलब्ध झाले आणि ऑगस्ट २००६ मध्ये फ्लिकरने छायाचित्रे नकाशावर मांडण्याची सोय केली. त्याच वर्षी सोनी कंपनीने खास छायाचित्रकारांसाठी एक छोटा लॉगर बाजारात आणला. तो दर १५ सेकंदांनी स्थान नोंदवीत असे.

कार्यपद्धती :
या पद्धतीत कॅमेरा व लॉगर यांचा परस्परांशी कोणताही संबंध नसतो. लॉगर खिशात किंवा पिशवीला अडकवलेला असतो आणि ठराविक अंतराने वेळ व स्थान नोंदवीत राहतो; कॅमेरा फक्त वेळ नोंदवितो. प्रवासानंतर दोन्ही नोंदी संगणकावर उतरविल्या जातात व संगणकप्रणाली समान वेळेच्या आधारे त्यांची सांगड घालते. छायाचित्राची वेळ दोन नोंदींच्या मध्ये पडत असेल, तर अनेक प्रणाली त्या दोन बिंदूंना सरळ रेषेने जोडून मधले स्थान प्रमाणाने काढतात.

यावरून एक मूलभूत बाब स्पष्ट होते. छायाचित्राला जोडलेले स्थान हे निरीक्षण नव्हे, तर दोन घड्याळांच्या साक्षीवरून काढलेले अनुमान होय. परंतु एकदा ते फाइलमध्ये नोंदविले गेले, की ते प्रत्यक्ष मोजलेले आहे की काढलेले, हे केवळ अंक पाहून सहसा कळत नाही.

घड्याळाची साक्ष :
लॉगरची वेळ उपग्रहांकडून मिळते व सामान्यतः जागतिक प्रमाणवेळेत नोंदली जाते. कॅमेऱ्याचे घड्याळ मात्र मनुष्य लावतो. भारतात सकाळी १० वाजता घेतलेल्या छायाचित्राची जागतिक वेळ ४.३० असते, हा साडेपाच तासांचा फरक संगणकाला सांगावा लागतो. तो पाच तास असा सांगितला गेल्यास, ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनातून घेतलेले छायाचित्र ३० किलोमीटर दूर जाऊन पडते. कॅमेऱ्याचे घड्याळ एक मिनिट चुकले तरी त्याच वेगाला एक किलोमीटरचा फरक पडतो; ताशी ४ किलोमीटर चालणाऱ्या पदयात्रीच्या बाबतीत हाच फरक सुमारे ६७ मीटर भरतो. छायाचित्राची वेळ कोणत्या प्रमाणवेळेतील आहे हे नोंदविण्याची सोय एक्झिफ मानकात २०१६ मध्ये झाली. त्यापूर्वीच्या फाइलींत ही संदिग्धता राहूनच गेली आहे.

मुंबईच्या इतिहासाच्या अभ्यासकास ही समस्या अपरिचित नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ काही व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकून होती. कागदावरील वेळ वाचताना ती कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न तेथे जसा विचारावा लागतो, तसाच तो डिजिटल छायाचित्राबाबतही विचारावा लागतो. लॉगरची साक्षही सर्वस्वी निर्दोष नसते. जीपीएसच्या मूळ संकेतातील आठवड्यांची मोजणी १,०२४ आठवड्यांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते. एप्रिल २०१९ मध्ये असे घडल्यानंतर काही जुनी उपकरणे सुमारे १९ वर्षे साडेसात महिने मागची तारीख दाखवू लागली.

स्थान कोणाचे? :
वेळ अचूक असली तरी आणखी एक प्रश्न उरतो. लॉगर छायाचित्रकाराचे स्थान नोंदवितो, चित्रविषयाचे नव्हे. राजगडावरून घेतलेल्या तोरण्याच्या छायाचित्रास राजगडाचेच अक्षांश-रेखांश मिळतात. चित्रविषयाचे स्थान व कॅमेऱ्याची दिशा यांसाठी एक्झिफमध्ये स्वतंत्र जागा आहेत; परंतु साधा लॉगर त्या भरू शकत नाही. अजिंठ्यासारख्या खडकात कोरलेल्या लेण्यांच्या अंतर्भागात उपग्रहांचे संकेत नीट पोहोचत नाहीत. परिणामी, आतील चित्रांना प्रवेशापूर्वीचा शेवटचा बिंदू किंवा बाहेरील दोन बिंदूंमधील एखादे स्थान चिकटते. जेथे नोंदीची सर्वाधिक गरज, तेथेच ती सर्वांत दुबळी ठरते.

निष्कर्ष :
२००८ मध्ये आयफोन ३जी जीपीएससह आला आणि पुढे मोबाइलनेच छायाचित्रासोबत स्थान नोंदविण्यास प्रारंभ केल्यावर स्वतंत्र लॉगरचा सर्वसामान्य वापर ओसरला. तथापि, त्या दशकातील छायाचित्रसंग्रह हाताळताना पुढील बाबी लक्षात घेणे आवश्यक वाटते.

१) छायाचित्रातील अक्षांश-रेखांश हा पुरावा असला, तरी इतर कोणत्याही साधनाप्रमाणे त्याची अंतर्गत व बाह्य चिकित्सा झाली पाहिजे.

२) मूळ जीपीएक्स नोंद छायाचित्रांसोबत जतन करावी. ती उपलब्ध असेल तर चुकलेले स्थान पुन्हा काढता येते. नसेल तर अनुमान तपासण्याचा एक प्रमुख मार्ग बंद होतो.

३) आजही ही पद्धत वापरणाऱ्या अभ्यासकाने प्रत्येक दिवशी जीपीएसच्या पडद्यावरील किंवा अचूक लावलेल्या घड्याळाचे एक छायाचित्र घ्यावे. त्यावरून कॅमेऱ्याच्या घड्याळातील चूक नंतरही मोजता येते.

४) असंरक्षित शिल्पांचे नेमके स्थान प्रसिद्ध करण्यापूर्वी चोरीचा धोका विचारात घ्यावा.

वीरगळ जागेवरून हलविला गेला, की त्याच्या मूळ स्थानाचा एकमेव आधार म्हणून असे एखादे छायाचित्रच उरू शकते. तेव्हा त्यातील अंक खरे ठरावेत यासाठी सहलीवर निघताना कॅमेऱ्याचे घड्याळ लावण्याचे साधे काम हेदेखील इतिहाससंशोधनाचाच भाग होय.