विशेषज्ञ डॉक्टरांची अखंड परीक्षा
अमेरिकेत दहा वर्षांनी येणाऱ्या मोठ्या परीक्षेची जागा घेतली तिमाही प्रश्नसंचाने

अमेरिकेत वैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी राज्य सरकारचा परवाना पुरेसा असतो. 'बोर्ड सर्टिफाइड', म्हणजे मंडळाने प्रमाणित केलेला विशेषज्ञ, हे बिरुद मात्र त्या परवान्याहून निराळे आहे. ते सरकार देत नाही, तर त्या त्या विषयातील डॉक्टरांनीच स्थापन केलेली स्वायत्त मंडळे देतात. कायद्याच्या दृष्टीने हे प्रमाणपत्र सर्वस्वी ऐच्छिक आहे. व्यवहारात चित्र वेगळे दिसते. बहुतेक मोठी रुग्णालये रुग्ण दाखल करण्याचे वा शस्त्रक्रियेचे अधिकार देताना ते मागतात, विमा कंपन्या आपल्या यादीत डॉक्टरचे नाव घालण्यापूर्वी ते पाहतात. त्यामुळे ते टिकवायचे कसे हा प्रश्न तेथील लाखो डॉक्टरांच्या उपजीविकेशी आणि त्यांच्या रुग्णांच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे. गेल्या दशकभरात या प्रश्नाचे उत्तर मुळापासून बदलले. दर दहा वर्षांनी परीक्षा केंद्रावर जाऊन दिवसभर द्यावयाच्या परीक्षेऐवजी घरबसल्या, संगणकावर, वर्षभर थोडे थोडे प्रश्न सोडविण्याची पद्धत तेथे रूढ झाली आहे.

आजीवन प्रमाणपत्राचा काळ

विशेषज्ञांची परीक्षा घेणारे मंडळ असावे, ही कल्पना नेत्रतज्ज्ञ डॉ. डेरिक व्हेल यांनी १९०८ साली मांडली. त्या काळी अल्पस्वल्प प्रशिक्षण घेऊन कोणीही स्वतःला नेत्रतज्ज्ञ म्हणवून घेत असे. त्यातून १९१६ मध्ये नेत्रविज्ञानाचे पहिले मंडळ उभे राहिले. १९३३ मध्ये अशा मंडळांची शिखर संस्था निर्माण झाली. तीच आज 'अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल स्पेशालिटीज' या नावाने ओळखली जाते आणि तिच्या छत्राखाली २४ मंडळे आहेत.

आरंभी हे प्रमाणपत्र एकदा मिळाले की जन्मभर पुरत असे. या प्रथेला पहिला छेद दिला तो १९६९ मध्ये मान्यता मिळालेल्या कौटुंबिक वैद्यकाच्या मंडळाने. त्याने सुरुवातीपासूनच प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची ठेवली. सर्वांत मोठे मंडळ अंतर्गत वैद्यकाचे, म्हणजेच आपल्याकडील 'एमडी मेडिसिन' या शाखेचे. त्याने १९९० पासून दहा वर्षांची मुदत लागू केली. त्यापूर्वीची प्रमाणपत्रे मात्र आजीवनच राहिली. एकाच रुग्णालयात एकच काम करणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी वयाने मोठा असलेला परीक्षेतून मुक्त आणि नुकताच शिकून आलेला परीक्षेला बांधलेला, असा विचित्र प्रकार त्यातून घडला. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून अमेरिकेत गेलेल्या अनेक मराठी डॉक्टरांनाही या आजीवन सवलतीचा लाभ मिळाला. त्यांच्या डॉक्टर झालेल्या मुलांना तो मिळालेला नाही.

फेरतपासणी हवीच कशाला?

वैद्यकात अनुभवाला मोठे मोल आहे, आणि रुग्णही 'जुना डॉक्टर' पसंत करतो. परंतु २००५ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने या समजुतीला धक्का दिला. त्यात तपासलेल्या ६२ मूल्यमापनांपैकी ३२ मध्ये, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक मूल्यमापनांत, व्यवसायाची वर्षे वाढत गेली तशी कामगिरी सर्व निकषांवर घसरलेली आढळली. पुढच्याच वर्षी 'जामा' या नियतकालिकातील दुसऱ्या आढाव्याने असे दाखवले की, आपल्याला काय येते आणि काय येत नाही याविषयीचा डॉक्टरांचा स्वतःचा अंदाज फारसा भरवशाचा नसतो. २० पैकी १३ तुलनांत हा अंदाज आणि प्रत्यक्ष मोजमाप यांचा मेळ जवळजवळ नव्हता किंवा उलटाच होता. ज्याला आपली उणीव जाणवतच नाही तो ती आपणहून भरून काढील, ही अपेक्षा अर्थातच फोल ठरते.

ज्ञान शिळे होते म्हणजे काय, याचे नेहमीच्या व्यवहारातील उदाहरण ॲस्पिरिनचे. हृदयविकार झालेला नसतानाही तो टाळण्यासाठी वयस्कर माणसांना रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी देण्याचा प्रघात अनेक वर्षे होता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांनी रक्तस्रावाच्या धोक्यापुढे हा लाभ किती तोकडा आहे ते दाखवून दिले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने साठी ओलांडलेल्यांना प्रथम प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये, असा सल्ला दिला. (ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांना हा सल्ला लागू नाही.) २०१७ मध्ये परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या डॉक्टरला हा बदल कळला की नाही, हे दहा वर्षांच्या परीक्षेतून २०२७ पर्यंत कोणालाच समजले नसते.

बंडाळी आणि माघार

२००० साली सर्व मंडळांनी 'मेंटेनन्स ऑफ सर्टिफिकेशन' म्हणजे प्रमाणपत्राच्या जतनाचा चतुर्विध कार्यक्रम मान्य केला. व्यावसायिक वर्तन, सततचे अध्ययन, ज्ञानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष कामातील सुधारणा हे त्याचे चार भाग. कागदावर नेटका दिसणारा हा आराखडा डॉक्टरांना जाचक वाटू लागला. दहा वर्षांनी येणाऱ्या परीक्षेसाठी दवाखाना बंद ठेवायचा, महागडे तयारीवर्ग लावायचे, जे रोग आयुष्यात पुन्हा पाहायचे नाहीत त्यांची घोकंपट्टी करायची आणि निकाल लागताच सारे विसरायचे, असा तो प्रकार होता. पाठांतराचा बाजार कोणत्या थराला गेला होता ते २०१० मध्ये दिसले. परीक्षेतील प्रश्न बाहेर पुरवल्याच्या वा मागितल्याच्या आरोपावरून अंतर्गत वैद्यक मंडळाला १३९ डॉक्टरांवर कारवाई करावी लागली.

२०१४ मध्ये याच मंडळाने अटी आणखी कडक केल्या आणि असंतोषाचा भडका उडाला. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल टायरस्टीन यांनी सुरू केलेल्या विरोधपत्रावर १९ हजारांहून अधिक सह्या झाल्या. २०१५ च्या आरंभी त्यांच्या पुढाकाराने पर्यायी मंडळही स्थापन झाले. अखेर ३ फेब्रुवारी २०१५ रोजी अंतर्गत वैद्यक मंडळाचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बॅरन यांनी आपले चुकल्याची जाहीर कबुली देऊन क्षमा मागितली आणि वादग्रस्त अटी स्थगित केल्या. परीक्षा घेणाऱ्याने परीक्षार्थींची माफी मागण्याचे असे उदाहरण कोणत्याही देशात विरळाच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या कार्यक्रमाचा खर्च दहा वर्षांत दर डॉक्टरमागे सरासरी २३,६०७ डॉलर इतका काढला. त्यातील शुल्काचा वाटा लहान होता, मोठा भाग डॉक्टरांच्या वेळेच्या किमतीचा होता.

मिनिटाचा प्रश्न

तोडगा निघाला तो भूलतज्ज्ञांच्या मंडळाकडून. त्याने २०१४ मध्ये 'मोका मिनिट' हा प्रयोग सुरू केला आणि २०१६ मध्ये दहा वर्षांची परीक्षाच रद्द करून त्याला तिची जागा दिली. तिमाहीला ३० म्हणजे वर्षाला १२० प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला एक मिनिट. भूलतज्ज्ञाने दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वेळात भ्रमणध्वनीवर प्रश्न उघडावा, उत्तर द्यावे आणि कामाला लागावे. उत्तर देताच ते बरोबर की चूक, आणि का, हे पडद्यावर येते. उत्तराबद्दल किती खात्री होती आणि हा विषय तुमच्या कामाशी किती संबंधित आहे, हेही विचारले जाते. खात्रीने दिलेले चुकीचे उत्तर हे अज्ञानाहून अधिक धोक्याचे असते. जुनी परीक्षा ते कधीच टिपू शकली नाही.

बालरोगतज्ज्ञांच्या मंडळाने २०१७ मध्ये प्रयोग करून २०१९ पासून हीच वाट धरली. कौटुंबिक वैद्यक मंडळाने तिमाहीला २५ याप्रमाणे चार वर्षांच्या आत ३०० प्रश्नांचा पर्याय दिला. क्ष-किरणतज्ज्ञांना आठवड्याला दोन प्रश्न उपलब्ध होतात आणि वर्षभरात त्यांपैकी किमान ५२ सोडवावे लागतात. तेथे प्रश्नांची काठिण्यपातळी ठरविण्याचे कामही व्यवसायातील क्ष-किरणतज्ज्ञच करतात. किमान पात्रता असलेल्या शंभरांपैकी किती जणांना हे उत्तर यावे, असा अंदाज ते देतात आणि त्यावरून उत्तीर्णतेची रेषा आखली जाते. शल्यचिकित्सकांच्या मंडळाने मात्र २०१८ पासून दर दोन वर्षांनी पुस्तके उघडून द्यावयाची ४० प्रश्नांची छोटी परीक्षा पसंत केली.

सर्वाधिक चर्चा झाली ती अंतर्गत वैद्यक मंडळाने २०२२ मध्ये आणलेल्या 'लाँगिट्यूडिनल नॉलेज असेसमेंट' या योजनेची. तिचे चक्र पाच वर्षांचे. दर तिमाहीला ३० याप्रमाणे एकूण ६०० प्रश्न येतात आणि त्यांतील किमान ५०० उघडावेच लागतात. शंभर सोडून देण्याची मुभा असते. प्रत्येक प्रश्नाला चार मिनिटे मिळतात. शिवाय वर्षाला तीस मिनिटांची शिल्लक वेगळी असते. अवघड प्रश्नावर ती खर्च करता येते. प्रश्न बहुधा एखाद्या रुग्णाच्या हकिगतीच्या रूपात असतो: वय, तक्रारी, तपासण्यांचे आकडे आणि शेवटी 'आता पुढे काय कराल?' उत्तर शोधताना पाठ्यपुस्तक, संकेतस्थळ, टिपणे असे कोणतेही साधन वापरता येते. दुसऱ्या माणसाला विचारणे तेवढे निषिद्ध आहे. पहिल्या वर्षानंतर वेळोवेळी गुणपत्रक मिळते, म्हणजे आपण उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहोत की खाली हे डॉक्टरला वाटेतच उमगते. पाच वर्षांअखेर गुण कमी पडले तर जुन्या पद्धतीची मोठी परीक्षा देण्याचा मार्ग उरतो. ज्यांना हे सारे नको असेल ते आजही दहा वर्षांनी एकदाच परीक्षा देऊ शकतात.

या बदलामागे अध्ययनाच्या मानसशास्त्राचा आधार आहे. विस्मरणाचा वेग जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मोजून दाखवला होता. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत असे दिसले की, उतारा पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवते खरे, पण आठवड्यानंतर वाचलेले आठवून लिहिण्याची चाचणी दिलेलेच पुढे जातात. प्रश्न हे केवळ मोजण्याचे साधन नसून शिकण्याचेही साधन आहे, हा त्याचा अर्थ. चुकलेल्या विषयावरील प्रश्न काही महिन्यांनी पुन्हा समोर आणला तर तो धडा पक्का होतो.

आक्षेप कायम

तरीही विरोध मावळलेला नाही. २०२३ मध्ये एका रक्तविकारतज्ज्ञाच्या विरोधपत्रावर वीस हजारांहून अधिक सह्या झाल्या, आणि अमेरिकेतील रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही नव्या पद्धतीवर टीका केली. पूर्वी दहा वर्षांनी येणारे ओझे आता कधीच खांद्यावरून उतरत नाही, ही मुख्य तक्रार. केवळ स्तनाच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला आपल्या शाखेतील इतर सर्व कर्करोगांवरील प्रश्न कशासाठी, हा दुसरा सवाल. यात तथ्य आहे. प्रत्यक्षातील विशेषज्ञता मंडळांच्या विषयवाटणीपेक्षा कितीतरी अरुंद झालेली आहे. चार मिनिटांचे घड्याळ हेही वास्तवाला धरून नाही, कारण रुग्णासमोर बसलेला डॉक्टर सहकाऱ्याला दूरध्वनी करू शकतो आणि चांगला डॉक्टर तो करतोच. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेने क्षणार्धात उत्तर तयार करून देण्याची सोय झाल्याने 'कोणतेही साधन वापरा' या उदार नियमाचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न सर्वच मंडळांपुढे आहे.

मूळ मुद्दा पुराव्याचा आहे. १९९० च्या सीमारेषेचा उपयोग करून 'जामा'मध्ये २०१४ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. मुदतीचे प्रमाणपत्र असलेले आणि आजीवन प्रमाणपत्र असलेले यांच्या रुग्णसेवेच्या गुणवत्तेत एकाला फरक आढळला नाही. दुसऱ्याला रुग्णालयात टाळता येण्याजोग्या भरतीत फरक आढळला नाही, खर्चाच्या वाढीत मात्र किंचित घट दिसली. २०१८ मधील एका अभ्यासात प्रमाणपत्र जपणाऱ्यांची कामगिरी काही निकषांवर सरस ठरली. परंतु नियमित अभ्यास करणारा डॉक्टरच प्रमाणपत्र जपतो, की प्रमाणपत्रामुळे तो अभ्यास करतो, हे अशा अभ्यासांतून वेगळे काढता येत नाही. शिवाय हे सारे जुन्या परीक्षेविषयी आहे. तिमाही प्रश्नांमुळे रुग्ण अधिक बरे होतात काय, हे ठरायला आणखी काळ जावा लागेल.

राज्यांनीही हस्तक्षेप केला. ओक्लाहोमाने २०१६ मध्ये आणि टेक्सासने २०१७ मध्ये या प्रमाणपत्राच्या सक्तीला मर्यादा घालणारे कायदे केले. न्यायालयात मात्र डॉक्टरांच्या पदरी निराशा आली. मंडळे मक्तेदारी गाजवतात, हा अंतर्गत वैद्यक मंडळाविरुद्धचा दावा २०२१ मध्ये आणि क्ष-किरण मंडळाविरुद्धचा २०२२ मध्ये अपील न्यायालयांनी फेटाळला. शिखर संस्थेने नेमलेल्या आयोगाने २०१९ च्या अहवालात जुने नाव व जुनी पद्धत सोडण्याची शिफारस केली. त्यानुसार जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या निकषांत प्रत्येक मंडळाने प्रमाणपत्राचा निर्णय पाच वर्षांच्या आत घ्यावा, असे बंधन आले. हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतंत्र मंडळासाठी केलेला अर्ज याच संस्थेने २०२५ मध्ये नाकारला.

भारतात असे काही नाही. एमडी, एमएस वा डीएनबी ही पदवी जन्मभराची असते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करण्यासाठी ३० श्रेयांक लागतात. ते परिषदा-चर्चासत्रांना उपस्थित राहून मिळतात, आणि तेथे ऐकलेले किती डोक्यात राहिले याची तपासणी होत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये देशभरासाठी आणलेली नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाली.

अमेरिकेतील अंतर्गत वैद्यक मंडळाच्या योजनेत २०२२ च्या पहिल्याच तिमाहीत सहभागी झालेल्या डॉक्टरांचे पाच वर्षांचे चक्र २०२६ अखेर पूर्ण होते. सहाशे प्रश्नांची संपूर्ण मालिका पार करणारी ही पहिलीच तुकडी आहे.