पान लागलेलं रक्त

लोट्याच्या माळावर उभे राहा. एमआयडीसीचा उग्र वास विरला, हायवेवरच्या ट्रकांची घरघर थांबली. १८८० च्या आसपासचा कार्तिक. पायाखाली जांभ्याचा तापलेला कातळ, आजूबाजूला गवताची कापणी.

तो दगड उलटू नका. खाली हातभर लांबीचं फुरसं आहे. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वेटोळं घालून अंगावरचे खरखरीत खवले एकमेकांवर घासतंय, करवत चालल्यासारखं. या रत्नागिरी जिल्ह्यात सरकार मेलेल्या फुरशामागे इनाम देतं. व्हिडाल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या नोंदीनुसार सहा वर्षं दरसाल सरासरी सव्वादोन लाखांच्या वर फुरशी मारली गेली. तरी कातळावर त्यांना तोटा नाही.

खळ्यात गलका होतो. “पान लागलं!” साप चावला असं इथे कोणी म्हणत नाही. गडी तरणाताठा, पाय सुजलेला. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त. तिसऱ्या दिवशी कोयतीचा जुना ओरखडा पुन्हा पाझरू लागतो. पडवीतल्या वाटीत जमलेलं रक्त तुम्ही न्याहाळता. घटका गेली, दोन गेल्या, गोठत नाही. वैद्यबुवा मान हलवतात: “रक्ताचं पाणी झालं.”

म्हातारा चुकलेला नाही. पण त्याला दिसला तो गोष्टीचा शेवट.

मधला भाग बघायला बाल्टिमोरला चला, १९३३ च्या सुमाराला. जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट काचनळ्या मांडून बसलेत. स्ट्रेप्टोकोकस जंतू रक्तातल्या, गोठायला लागणाऱ्या फायब्रिनोजेनला चिकटतात, म्हणजे ते घातलेलं रक्तद्रव गोठू नये, असा त्यांचा अंदाज. आणि सगळ्या नळ्या गोठल्या! जंतूंच्याही. प्रयोग फसला म्हणायचा. नळ्या तशाच राहिल्या. थोड्या वेळाने सहज नजर गेली, तर जंतूंच्या नळीतली गुठळी गायब. विरजलेल्या दह्याचं पुन्हा दूध व्हावं तसं. टाकून द्यायच्या नळीकडे दुसऱ्यांदा बघणं हीसुद्धा विद्याच. १९३३ मध्ये टिलेट आणि त्यांचे सहकारी गार्नर यांचा शोधनिबंध आला.

पण गुठळी विरघळवणारं द्रव्य जंतूंचं नव्हतंच, आपलं होतं. १९४५ मध्ये क्रिस्टेन्सन आणि मॅक्लाउड यांनी ते मांडलं: रक्तात प्लाझ्मिनोजेन निद्रिस्त असतं, जंतूंचं स्ट्रेप्टोकायनेज त्याला फक्त जागं करतं. जागं झालं की ते प्लाझ्मिन, आणि मग गुठळीच्या धाग्यांचे तुकडे. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी काढायला हेच स्ट्रेप्टोकायनेज पुढे सलाइनमधून देऊ लागले.

आता परत त्या पडवीत या. फुरशाचं विष रक्त पातळ करत नाही, उलट ते गोठवतं. त्यातलं एक विकर रक्त गोठवणाऱ्या प्रोथ्रॉम्बिनला चाळवतं आणि शिरांमध्ये बारीक धागे धरू लागतात. अंगातलं प्लाझ्मिन ते तोडतं. विष पुन्हा विणतं, प्लाझ्मिन पुन्हा तोडतं. धाग्यांचा कच्चा माल, फायब्रिनोजेन, संपेपर्यंत हे चालतं. मग ओरखडा बुजवायलाही काही उरत नाही. वैद्यबुवांचं पाणी ते हे.

शेवटची उडी आजच्या लोट्यात. सरकारी दवाखाना, टेबलावर काचेची नळी. काचेचीच हवी, कारण गोठायला काच चालना देते, प्लॅस्टिक देत नाही. कोरडी हवी आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर चांगलं रक्तही गोठत नाही आणि तपासणी फसवते. आत दोन मिली रक्त, हात न लावता वीस मिनिटं. बाकावर गवत काढायला गेलेली बाई, पायाला फडकं. तिची सून विचारते, “जनावर कसलं ते कळलं नाही, चालेल का?”

सिस्टर घड्याळाकडे बघतात आणि नळी हळूच कलती करतात. रक्त काचेवरून सरळ वाहत येतं.

“डॉक्टर,” त्या हाक मारतात आणि कपाटातून प्रतिविषाच्या कुप्या काढू लागतात. दहा.