गिरणीतले अपघात आणि १८८४ चा अर्ज

मागच्या वेळी आपण मुंबईत गिरण्या कशा उभ्या राहिल्या ते पाहिलं. कावसजी नानाभाई दावर, १८५४, वगैरे. आज त्याच गिरण्यांत माणूस जखमी झाला तर काय व्हायचं, एवढाच प्रश्न घेऊ.

त्या काळच्या गिरणीची रचना आधी डोळ्यांसमोर आणा. सगळ्या गिरणीला एकच मोठं वाफेचं इंजिन. त्याच्या जोरावर छताखाली लांबच लांब दांडे फिरताहेत आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राकडे आलेले. तुमचं यंत्र तुम्ही थांबवलं तरी वरचा दांडा फिरतच राहतो. अशा ठिकाणी कोकणातून, घाटावरून आलेला माणूस धोतर नेसून उभा राहायचा. त्याला शिकवायचं कोणी? प्रशिक्षण हा शब्दच तिथे नव्हता. गावचा कोणी, मेहुणा, चुलता, काम दाखवायचा, तेवढंच.

१८७५ मध्ये मुंबईत चौकशीसाठी कमिशन नेमलं गेलं आणि १८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा आला. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास. म्हणजे सात वर्षांचं पोर कायदेशीर कामगार! धोकादायक यंत्रांभोवती कुंपण घालावं, हेही त्यात होतं. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबाव होता, हे खरं आहे. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्याला विरोध केला. विलायतेच्या मालकाचा हेतू स्वार्थी होता म्हणून इथल्या मजुराचं तुटलेलं बोट खोटं ठरत नाही, पण हा मुद्दा तेव्हा फार थोड्यांना सुचला.

ज्यांना सुचला त्यांत नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेला माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरवली. त्या वर्षी नवं कमिशन बसलं होतं. त्याच्यापुढे ठेवलेल्या अर्जावर सुमारे ५,५०० जणांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. शेवटची मागणी मात्र आपण घाईने वाचतो. काम करताना कामगार गंभीर जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

इथे जरा थांबू या. १८८१ च्या कायद्यात कुंपणाचा विचार होता, म्हणजे यंत्राचा. अर्जात विचार आहे तो हात गेल्यावर घरी चूल कशी पेटणार याचा. सुटी १० जून १८९० ला मिळाली, मालकांच्या संघाने ती कबूल केली. भरपाईचा कायदा मात्र १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. लोखंडे तोवर हयात नव्हते. १८९७ च्या प्लेगात ते गेले.

जखम काही फक्त पट्ट्यानेच व्हायची असं नाही. विणाई खात्यात साचेवाला धोट्यात नवी कांडी घालायचा आणि धाग्याचं टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढायचा. दिवसभर हेच. कापसाची धूळ छातीत, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी. आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही. या प्रथेवर गिरणीत जो आक्षेप घेतला गेला तो फुप्फुसांच्या बाजूने नव्हता, विटाळाचा होता. अस्पृश्य कामगारांना म्हणून विणाई खात्यात घेतच नसत, आणि पगार तर तिथेच चांगला. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि संपाच्या पुढाऱ्यांना तो नाइलाजाने मागण्यांत घ्यावा लागला.

तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे जगात तेव्हा निघालेले होते. ते आणले असते तर धूळही तोंडात गेली नसती आणि विटाळाची सबबही उरली नसती.

वेळ संपत आली आहे. १९४८ चा कायदा पुढच्या व्याख्यानात घेऊ.