जुन्या मोटारींचे उत्सव आणि श्रमिक मोटारीचे विस्मरण : जुन्या आग्रा रोडच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्या संस्था आपल्या स्थापनेचे टप्पे उत्साहाने साजरे करतात. अशा प्रसंगी रस्त्यावर येणाऱ्या मोटारी बहुतांशी राजेरजवाडे, उद्योगपती व धनिक कुटुंबे यांच्या असतात. ज्या मोटारीवर हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालला, ती टॅक्सी या स्मरणात क्वचितच दिसते. प्रस्तुत निबंधात मोटार क्लबांच्या चळवळीचा इतिहास, कुर्ला ते बाळकुम या जुन्या आग्रा रोडच्या पट्ट्यातील मोटार उद्योग आणि २०२१ मधील व्हिंटेज वाहन नियम यांचा एकत्रित विचार केला आहे. वारसा ठरविण्याचे प्रचलित निकष श्रमिक मोटारीला इतिहासातून वगळतात, हे दाखविणे हा या निबंधाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : व्हिंटेज मोटार, मोटार क्लब, प्रीमियर पद्मिनी, जुना आग्रा रोड, बाळकुम, औद्योगिक वारसा

प्रस्तावना

ठाणे शहराच्या उत्तरेस असलेल्या बाळकुम गावाचा आधुनिक इतिहास रस्त्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. मुंबईहून निघणारा जुना आग्रा रोड शीव, कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड असा ठाण्यात येतो आणि पुढे बाळकुम नाक्यावरून, कशेळीचा खाडीपूल ओलांडून भिवंडीस व तेथून नाशिककडे जातो. मुंबईच्या हद्दीतील भागास आज लाल बहादूर शास्त्री मार्ग हे नाव आहे. ठाणे-भिवंडी भागास लोक अजूनही जुना आग्रा रोड म्हणतात. माजिवडा-खारेगाव-माणकोली या मार्गाने नवा महामार्ग गेल्यानंतरही या रस्त्यावरील मालमोटारी, टेम्पो आणि रिक्षा यांची वर्दळ कमी झाली नाही.

मोटार भारतात आली ती चैनीची वस्तू म्हणून. परंतु या रस्त्यावर ती प्रामुख्याने कामाची वस्तू म्हणून वावरली. प्रस्तुत निबंधात ‘श्रमिक मोटार’ ही संज्ञा याच अर्थाने वापरली आहे. जिच्या चालण्यावर चालकाचे, मालकाचे व दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे पोट अवलंबून असते, ती श्रमिक मोटार होय. अशा मोटारीची ऐतिहासिक नोंद कशी झाली, किंबहुना का झाली नाही, हा येथे मूळ प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जुन्या मोटारींच्या क्लबांच्या चळवळीचा उगम व तिचे निकष समजून घेणे.
२) कुर्ला ते ठाणे-कल्याण या पट्ट्यातील मोटार उद्योगाचा संक्षिप्त आढावा घेणे.
३) २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांचा श्रमिक मोटारीच्या दृष्टीने विचार करणे.

अभ्यासपद्धती

हा निबंध ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून त्यासाठी मोटार उद्योगाचा प्रकाशित इतिहास, शासकीय नियम आणि आंतरराष्ट्रीय संस्थांनी स्वीकारलेल्या व्याख्या यांचा आधार घेतला आहे. विवेचनाची मर्यादा मोटारकार व टॅक्सी यांपुरती ठेवली आहे.

मोटार क्लबांची चळवळ : स्मरणाचे निकष

जुन्या मोटारींचे जतन ही चळवळ मुळात एका वर्धापनस्मृतीतून जन्मास आली. इंग्लंडमध्ये मोटारीपुढे माणूस चालत ठेवण्याचे बंधन १८९६ च्या कायद्याने उठले. त्या मुक्ततेचा आनंद म्हणून १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडन ते ब्रायटन अशी मोटारींची यात्रा निघाली. १९२७ मध्ये या यात्रेची स्मरणफेरी काढण्यात आली आणि तिच्या प्रेरणेने १९३० मध्ये ‘व्हेटरन कार क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेत ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ १९३५ मध्ये उभा राहिला. अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, जो ‘फिवा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो, १९६६ मध्ये स्थापन झाला. त्याचा सुवर्णमहोत्सव २०१६ मध्ये युनेस्कोच्या आश्रयाखाली ‘जागतिक मोटार वारसा वर्ष’ म्हणून साजरा झाला.

भारतात दिल्ली येथे ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ मध्ये जुन्या मोटारींची फेरी सुरू केली. मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ ही संस्था अशा फेऱ्या भरवीत आली आहे. मुंबईतील मोटारमालकांची जुनी संघटना म्हणजे १९१९ मध्ये स्थापन झालेली ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’. तिने २०१९ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. ही संस्था जुन्या मोटारींचा क्लब नव्हे. तथापि पश्चिम भारतातील संघटित मोटारजीवनाचे वय किती, हे तिच्या शताब्दीवरून कळते.

या सर्व संस्थांच्या कार्याबद्दल आदर बाळगूनच एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मोटार क्लब ही मालकांची संघटना असते. साहजिकच मोटारीचा इतिहास म्हणजे तिच्या मालकीचा इतिहास, असे समीकरण तेथे तयार होते. ही मोटार कोणत्या संस्थानिकाची, तिचे ‘कोचवर्क’ कोणत्या कारखान्याचे, ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे प्रश्न तेथे विचारले जातात. ती कोणी चालविली, कोणी दुरुस्त केली, तिच्यावर किती घरे चालली, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

जुना आग्रा रोड : मोटार घडविणारा पट्टा

मुंबई परिसरात मोटारजोडणीचा मोठा उद्योग सुरू झाला तो १९२८ मध्ये, जनरल मोटर्स कंपनीच्या शिवडी येथील कारखान्यात. परदेशातून सुटे भाग आणून येथे गाड्या जोडल्या जात. स्वातंत्र्यानंतर, भारतात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्या कंपन्यांनाच प्राधान्य द्यावे असे धोरण टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या शिफारशींनंतर स्वीकारले गेले आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सने येथील काम बंद केले.

या धोरणाचा लाभ झालेल्या कंपन्यांपैकी एक म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. तिचा कुर्ल्याचा कारखाना याच आग्रा रोडच्या पट्ट्यात होता. १९४७ पासून तेथे अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी येथे तयार होऊ लागली आणि १९६४ मध्ये तिची ११०० डी ही आवृत्ती आली. करार संपल्यावर हीच गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. हे नाव चितोडच्या राणीवरून ठेवल्याचे सांगितले जाते. नाव राणीचे असले तरी मुंबईत या गाडीची खरी ओळख झाली ती काळ्या-पिवळ्या टॅक्सीची.

याच रस्त्यावर भांडुप येथे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होत असे. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्यात वागळे औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिच्यातील लहान-मोठ्या कारखान्यांनी अभियांत्रिकी कामगारांची एक पिढी घडविली. कल्याण-डोंबिवली परिसरात प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. तेथे १९९० च्या दशकाच्या मध्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत प्यूजो ३०९ ही गाडी तयार झाली. मात्र ते दशक संपण्यापूर्वीच हा प्रयोग आटोपला. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ग्राहकांच्या हाती पडू लागल्यापासून जुन्या गाड्यांची मागणी घटत गेली होतीच. शतक पालटताना कुर्ल्यातील पद्मिनीचे उत्पादनही थांबले.

या आढाव्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ठाणे-कल्याण पट्टा हा मोटारी बाळगणाऱ्यांपेक्षा मोटारी घडविणाऱ्यांचा व दुरुस्त करणाऱ्यांचा प्रदेश होता. कारखान्यातील फिटर, गॅरेजमधील मेस्त्री, पत्रा ठोकणारा डेंटर आणि टॅक्सीचा बॅज मिळविलेला चालक हे या इतिहासाचे खरे वारसदार आहेत. त्यांचा मात्र क्लब नाही. त्यामुळे त्यांच्या इतिहासाला सुवर्णमहोत्सवही नाही.

२०२१ चे नियम : वीस वर्षे आणि पन्नास वर्षे

१५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी व चारचाकी वाहने या व्याख्येत बसतात. त्यांच्या सांगाड्यात, बाह्यकवचात वा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी असे वाहन रस्त्यावर आणता येते. यानंतर महिन्याभरातच, १३ ऑगस्ट २०२१ रोजी, जुनी वाहने मोडीत काढण्याच्या राष्ट्रीय धोरणाचा प्रारंभ झाला. एकाच पावसाळ्यात शासनाने काही जुन्या मोटारींना वारशाचा दर्जा दिला आणि उरलेल्यांना भंगाराची वाट दाखविली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

टॅक्सीच्या दृष्टीने हे गणित तपासून पाहण्यासारखे आहे. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे ठरविण्यात आली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. वीस वर्षांनी ज्या वाहनाने रस्ता सोडलाच पाहिजे, ते वाहन टॅक्सी म्हणून पन्नास वर्षांचे कधीच होऊ शकत नाही. वयाची अट कशीबशी पूर्ण झाली, तरी व्यापारी वापराची अट आड येते. याउलट १९७४ मध्ये नोंदलेली खासगी पद्मिनी ५० वर्षे पूर्ण करून या दर्जाच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचली आहे. कारखाना एक, साचा एक, घडविणारे हातही तेच. फरक एवढाच की एक घरासमोर उभी राहिली आणि दुसरी नाक्यावर.

टॅक्सीचालकांनी या बाबतीत मौन पाळले असे नाही. किमान एक पद्मिनी टॅक्सी जतन करावी, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने शासनाकडे केली होती. तिला २०२३ पर्यंत यश आले नव्हते.

अस्सलपणाचा प्रश्न

व्हिंटेज मोटारीच्या मूल्यमापनात मूळ स्थितीला फार महत्त्व असते. परंतु काम करणारी मोटार मूळ स्थितीत राहतच नाही. मुंबईच्या टॅक्सीत आधी पेट्रोलचे इंजिन होते. अनेकांनी डिझेलचे बसविले. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रदूषणाविषयीच्या न्यायालयीन आदेशांनंतर टॅक्सींना सीएनजी संच बसले आणि सामानाच्या जागेत गॅसची टाकी आली. छपरावर सामानाचा कॅरिअर, बाहेर यांत्रिक मीटर व पुढे त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मीटर, ठोकून सरळ केलेला पत्रा, दुसऱ्या गाडीचा दरवाजा, हे सारे बदल गरजेतून झाले.

नियमाच्या दृष्टीने यांतील काही बदल दोष ठरतील. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती साधने आहेत. इंधनाचे भाव, न्यायालयाचे आदेश, सुट्या भागांची टंचाई आणि मेस्त्रीचे कसब यांची नोंद कागदावर कमी आणि त्या पत्र्यावर अधिक झालेली असते. लक्षणीय बाब ही की, ‘फिवा’ने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनददेखील वाहनाने आपल्या आयुष्यात मिळविलेल्या खुणांना महत्त्व देते आणि चकचकीत नूतनीकरणापेक्षा जतनावर भर देते. आंतरराष्ट्रीय चळवळीच्या व्याख्येत वाहनाचे किमान वय ३० वर्षे आहे, ५० नव्हे. अर्थात वाहन दैनंदिन वाहतुकीत नसावे, ही अट तिनेही घातली आहे. पण निवृत्त टॅक्सी ती सहज पूर्ण करते.

येथे एक आक्षेप संभवतो. जुन्या टॅक्सी धूर ओकीत, त्या प्रवाशांस असुरक्षित झाल्या होत्या. मग त्यांचा कळवळा कशासाठी? हा आक्षेप योग्य आहे, परंतु तो वापराला लागू पडतो, जतनाला नाही. शेकडो जुन्या टॅक्सी रस्त्यावर ठेवाव्यात असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न मोजक्या नमुन्यांचा आहे.

निष्कर्ष

१) मोटार क्लबांची चळवळ वर्धापनस्मृतीतून वाढली असून तिच्या स्मरणाचा केंद्रबिंदू मालकी हा राहिला आहे.
२) कुर्ला, भांडुप, ठाणे, कल्याण या पट्ट्याचा मोटारइतिहास उत्पादन, दुरुस्ती व वाहतूक यांचा, म्हणजेच श्रमाचा इतिहास आहे.
३) टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा आणि व्हिंटेज दर्जाची ५० वर्षांची व अव्यापारी वापराची अट यांच्या संयुक्त परिणामामुळे श्रमिक मोटार वारशाच्या व्याख्येबाहेर राहते.
४) श्रमिक मोटारीवरील बदल हे ऐतिहासिक साधन मानले पाहिजे.

समारोप

या दृष्टीने काही उपाय सुचविता येतात. निवृत्त प्रवासी वाहनांपैकी निवडक नमुन्यांना वयाच्या व व्यापारी वापराच्या अटीतून सूट देणारी तरतूद शासनाने करावी. क्लबांनी आपल्या सुवर्ण व शताब्दी सोहळ्यांत टॅक्सी, रिक्षा व मालमोटार यांचा स्वतंत्र वर्ग ठेवावा आणि गाडीसोबत तिच्या चालकाचा व मेस्त्रीचाही परिचय द्यावा. ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मोटार कारखान्यांतील निवृत्त कामगार, टॅक्सीचालक व गॅरेजचालक यांच्या मौखिक नोंदी घ्याव्यात. त्यांच्याजवळील परमिट, बॅज, भाडेपत्रक, हजेरीकार्ड यांच्या प्रती जतन कराव्यात. या कामास मोठा निधी लागत नाही, वेळ मात्र लागतो. आणि तोच कमी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९७४ मध्ये विशीत लागलेला कामगार आज सत्तरीत आहे.

बाळकुम नाक्याचे रूपही बदलत आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्ग ५ चे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी झाले आणि त्या मार्गावर बाळकुम नाका हे एक स्थानक आहे. रस्त्यावरून धावलेल्या मोटारी आधीच भंगारात गेल्या आहेत. त्या चालविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या पिढीच्या आठवणी तरी नोंदवून ठेवणे, हे या परिसरातील इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य ठरते.