अडकित्त्यावरील राघू
पितळी भांड्यांसाठीं भंडारा जिल्ह्याची ख्याति जुनी. लाखांदुराकडे एखाद्या घरचें वडिलोपार्जित पितळ मोडींत निघतें, तेव्हां तराजूस त्याचें वजन कळतें. त्यांत घडविलेला प्रेमभाव कळत नाहीं. पानाच्या तबकांतला अडकित्ताच घ्या. कवि ‘अज्ञातवासी’, म्हणजे दिनकर केळकर (१८९६–१९९०), यांनीं पुण्यास जमविलेल्या संग्रहांत मिथुनाकृति अडकित्ते आहेत. कित्येक अडकित्त्यांवर राघू असतो, आणि राघू तर मदनाचें वाहन! ही नुसती कलाकुसर म्हणून सोडून देणें आम्हांस पटत नाहीं. पतीचें नांव उच्चारणेंही जेथें मर्यादाभंग, तेथें विडा करून देणें हेंच पत्नीचें प्रेमभाषण होतें. लग्नांत वधूवरें एकमेकांच्या दांतांतला विडा तोडीत; त्याची सुपारीही अडकित्त्यानेंच कातरली जाई.