बूटलोडर अनलॉकिंग

अँड्रॉइड फोनच्या बूटलोडरवर उत्पादकाने घातलेले बंधन काढण्याची क्रिया. फोन सुरू होताना मूळ प्रणाली मेमरीत आणण्याचे काम बूटलोडर करतो. तो लॉक असेल तर प्रणालीवरची डिजिटल सही आधी तपासतो. ती विश्वासातल्या किल्लीशी जुळली नाही, तर फोन पुढे सरकत नाही. अनलॉक केल्यावर लिनेजओएससारखी दुसरी प्रणाली, म्हणजेच रॉम, टाकता येते. सिमचे लॉक ही निराळी गोष्ट. बाजारात दोन्हींची सर्रास गल्लत होते.

गूगलच्या पिक्सेलवर रीत सोपी आहे. बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स दिसतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायचे, फोन फास्टबूट या अवस्थेत न्यायचा आणि संगणकावरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा द्यायची. त्यासरशी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे जाचक वाटते, पण आवश्यक आहे. नाहीतर चोरलेला फोन अनलॉक करून आतली माहिती काढायला चोराला वाट मिळाली असती.

मात्र व्हेरायझन या अमेरिकी कंपनीने विकलेल्या पिक्सेलवर ‘ओईएम अनलॉकिंग’चे बटण करडे, निकामी असते. हार्डवेअर तेच, पैसेही पूर्ण मोजलेले. परवानगी तेवढी नाही. एचटीसीने ग्राहकांच्या नाराजीनंतर 2011 मध्ये अनलॉकची सोय दिली. हुआवेने उलट 2018 मध्ये कोड देणे बंद केले. शाओमी खाते जोडून वाट पाहायला लावते. बंधनासाठी सुरक्षेचे कारण पुढे केले जाते, पण पिक्सेलची रीत पाहता ते पुरते पटत नाही.

परवानगी नसली की लोक त्रुटी शोधतात. मीडियाटेकच्या काही चिपांमधल्या बूटरॉममध्ये अशी त्रुटी सापडली आणि ॲमेझॉनचे काही फायर टॅबलेट त्यामुळे खुले झाले. बूटरॉम चिपमध्येच कोरलेला असल्याने विकल्या गेलेल्या यंत्रांत तो अपडेटने बदलता येत नाही.

अनलॉकनंतर फोन दरवेळी सुरू होताना इशारा दाखवतो आणि बँकांची अनेक ॲप्स चालायला नकार देतात. सॅमसंगमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर टाकताच नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज उडतो. मूळ प्रणाली परत टाकली तरी सिक्युअर फोल्डर परत मिळत नाही. दुसरी रॉम तशीच ठेवून बूटलोडर पुन्हा लॉक केला, तर बहुतेक फोन सुरूच होत नाहीत.