चाचा धोकादायक नव्हते

अब्बांच्या इंतकालानंतर चाळीसाव्याच्या सुमारास आम्ही त्यांची पत्र्याची पेटी उघडली. शिलाई मशीनची पावती, जुनी रेशनकार्डं, माझ्या बी.एड.च्या फीची पोच, आणि तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला एक कागद. इंग्रजीत टाइप केलेला अर्ज, साल १९८१. खाली अब्बांची उर्दूतली सही. अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टने लिहून दिलेलं, आणि ‘इथे सही करा’ म्हटल्यावर त्यांनी केलेली.

अर्जात लिहिलं होतं की माझा धाकटा भाऊ वेडसर असून हिंसक आहे, त्याला मोकळं ठेवणं धोक्याचं आहे, तरी त्याला ठाण्याच्या रुग्णालयात पाठवावं.

चाचांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. जुन्या नाशकात, भद्रकालीत ते सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचे. पंचविशीत त्यांना आवाज ऐकू येऊ लागले. रात्री ते छपरावर जाऊन कुणाशी तरी बोलत, जेवणात काही कालवलंय म्हणून उपाशी राहत. घाबरलेला माणूस होता तो. घरात त्यांची भीती कुणालाच वाटत नव्हती, त्यांनाच सगळ्यांची वाटायची. मग अब्बांनी असं का लिहिलं? अम्मीला विचारलं तर ती म्हणाली, “वकीलसाहेबांनी सांगितलं, असं लिहा म्हणजे पैसे भरावे लागणार नाहीत.”

या एका वाक्याचा अर्थ लावायला मला बरंच वाचावं लागलं. हा लेख त्यातूनच झाला आहे.

१९८१ साली आपल्याकडे १९१२ चा इंडियन लूनसी ॲक्ट चालू होता. इंग्रज गेले, पण हा कायदा राहिला. १९८७ साली त्याच्या जागी नवा कायदा मंजूर झाला आणि तो प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ उजाडलं. १९१२ च्या कायद्यात रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये मॅजिस्ट्रेट बसलेला होता. नातेवाइकाने अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग मॅजिस्ट्रेट दाखल करून घेण्याचा हुकूम देणार. त्यातली अट अशी की अर्जदाराने किंवा दुसऱ्या कुणी रुग्णाच्या खर्चाची लेखी हमी द्यायला हवी. या अटीतून सूट एकालाच होती : जो रुग्ण धोकादायक आहे, मोकळा सोडण्यालायक नाही, त्याला.

म्हणजे गरिबासाठी दोन वाटा उरल्या. एक, रस्त्यावर भटकताना पोलिसांनी धरून न्यायचं. दुसरी, स्वतःच्या भावाला कागदावर धोकादायक ठरवायचं. अब्बा दर्जी होते. ईदच्या महिन्यात हातात पैसा, बाकी वर्षभर उधारी. ते कुठल्या खर्चाची हमी देणार? त्यांनी दुसरी वाट धरली. आपल्या बोलीत मानसिक रुग्ण म्हटला की दगड मारणारा, अंगावर धावून येणारा माणूस का उभा राहतो, याची अनेक कारणं असतील. त्यातलं एक मला या अर्जात दिसलं. हजारो शांत माणसं कागदोपत्री हिंसक झाली, कारण हिंसक असणं फुकट होतं.

बरं, पाठवायचं कुठे? महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं आणि येरवड्याचं त्यानंतरचं. चारही इंग्रजांच्या अमदानीतली. खाटांचे आकडे वर्षानुवर्षं तेच सांगितले जातात : येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. नाशिक एवढा मोठा जिल्हा, पण आमच्या वाट्याला यातलं एकही नाही. म्हणून नाशकात कुणी विचित्र वागला की “ठाण्याला पाठवा याला” म्हणायची पद्धत. लहानपणी वर्गात मुलं हे एकमेकांना म्हणायची तेव्हा मी गप्प बसायचो. आता माझ्या वर्गात म्हणतात तेव्हा मात्र गप्प बसत नाही.

इथे थोडं मागे जातो, कारण आपल्या लोकांना वाटतं की हे सगळं इंग्रजांनी आणलं आणि त्याआधी फक्त दुआ-तावीज होतं. तसं नाही. दमास्कसला नूरुद्दीन झंगीने ११५४ साली बीमारिस्तान बांधलं. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ साली त्याहून मोठं उभारलं, त्यात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. हे चालायचं कशावर? वक्फवर. दुकानं, हमामखाने, जमिनी यांचं उत्पन्न दवाखान्याला लावून दिलेलं. रोग्याने खिसा चाचपायचा नाही. तुर्कस्तानात एदिर्ने इथे बायजीद दुसरा याने १४८८ साली बांधलेल्या दवाखान्यात संगीत आणि फुलांच्या वासाने उपचार होत, असं प्रवासी एवलिया चेलेबी सतराव्या शतकात लिहून गेला. आपल्याजवळ माळव्यात महमूद खिलजीच्या काळात (१४३६–१४६९) अशा रोग्यांसाठी सोय केल्याचे उल्लेख सापडतात. आणि दहाव्या शतकातल्या अबू झैद अल्-बल्खीने शरीर आणि मन दोन्हींच्या तंदुरुस्तीवर एकत्र ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेलं दुःख वेगळं आणि काही कारण दिसत नसताना येणारं दुःख वेगळं, हा फरक त्याने तेव्हा केला.

जुम्म्याच्या बयानात हे सांगायला छान वाटतं, मीही सांगितलं आहे. पण प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं. त्या बीमारिस्तानांमध्ये साखळ्याही होत्या. एवलियाने फुलांबरोबर त्यांचंही वर्णन केलं आहे. मला त्यातून घ्यावीशी वाटते ती वक्फची गोष्ट. इलाजाचा पैसा आधीच बाजूला काढून ठेवलेला असे, आणि कुणाच्या भावाला त्यासाठी खोटी सही करावी लागत नसे.

ठाण्याच्या आधी चाचांना मीरा दातारला नेलं होतं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे ही दर्गा आहे, महाराष्ट्रातूनही बरेच लोक तिथे जातात. अम्मी सांगते, चाळीस दिवस राहिले. त्या चाळीस दिवसांत अब्बांचा धंदा बंद आणि फुफीच्या बांगड्या गहाण. लोकांना वाटतं की दर्ग्यावर गरीब जातो कारण ते फुकट असतं. फुकट काही नसतं. राहणं, खाणं, गिलाफ, नजराणा, वर बुडालेली मजुरी. नंतर एका आमिलने सहा महिने नुसत्या आशेवर पैसे घेतले, त्याचा हिशेब तर कुणी ठेवलाच नाही.

तरी मी दर्ग्यावर जाणाऱ्यांना हसत नाही. तिथे निदान माणसाला कुणी ‘पागल’ म्हणत नाही, त्याच्यावर काहीतरी ‘असर’ आहे म्हणतात. दोष बाहेरचा ठरतो, घराण्याची अब्रू वाचते, बहिणींची लग्नं अडत नाहीत. हे छोटं नाही. पण तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे काय झालं तेही लक्षात ठेवावं लागतं. दर्ग्याच्या आसपास खाजगी ‘आश्रम’ चालत, घरचे लोक पैसे देऊन रुग्णाला तिथे सोडत. एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती, पळणार कशी? २८ जण गेले. सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली. मीरा दातारला पुढे एक चांगली गोष्ट झाली : एका संस्थेने सरकारच्या मदतीने दर्ग्यातच मनोविकारतज्ज्ञांची ओपीडी सुरू केली, आणि मुजावरच लोकांना सांगू लागले की दुआ इथे घ्या, दवा तिथे घ्या. चाचांच्या वेळी हे असतं तर बांगड्या वाचल्या असत्या.

आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं याबद्दल आहे. हा कायदा कुणा एका धर्माच्या विरोधात आहे असं सांगणारे आपल्यातही भेटतात आणि त्यांच्यातही. मला तो चाचांच्या बाजूचा वाटतो.

चाचा ठाण्याहून दीड वर्षाने परत आले. मला आठवतात ते हे चाचा : ओट्यावर बसलेले, हात थरथरणारे, जाड झालेले, पण रात्री झोपणारे आणि मला सायकलची चेन बसवायला शिकवणारे. १९५२ नंतर जगात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली आणि या आजाराचं गणितच बदललं. भिंतीआड ठेवायची गरज बरीच कमी झाली, माणूस गोळ्यांवर घरी राहू शकतो. पण खर्चाचंही गणित बदललं. एकदा दाखल करण्याचा खर्च गेला आणि दर महिन्याचा, न संपणारा खर्च आला. गोळ्या ठाण्याला मिळायच्या. अब्बा पहाटे पंचवटी एक्स्प्रेसने कल्याणला आणि तिथून लोकलने ठाण्याला जायचे, रात्री परत. गोळ्या फुकट, पण तिकीट आणि दिवसाची मजुरी गेली. लग्नसराईत काम जास्त असलं की ते एखादी फेरी चुकवायचे, आणि तीन आठवड्यांत चाचा पुन्हा छपरावर.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वाचलं की मानसिक आजार असलेल्या घरांचा महिन्याचा खर्च साधारण हजार-दीड हजार रुपये येतो, आणि त्यात प्रवासाचा वाटा मोठा. मला पंचवटीचं तिकीट आठवलं. त्याच सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. म्हणजे माझ्या शाळेच्या पालकसभेत शंभर जण आले तर त्यातले दहा.

इलाज जिल्ह्यातच मिळावा हा विचार सरकारी कागदांवर नवा नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ चा. म्हणजे चाचा ठाण्याहून घरी आले त्याच सुमारास दिल्लीत ठरलं होतं की माणसाला ठाण्याला जायला लागू नये. हा विचार दिल्लीहून भद्रकालीपर्यंत यायला किती वर्षं लागली ते विचारू नका.

खरा बदल मला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दिसतो. तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचं अठरावं कलम मी मुद्दाम झेरॉक्स करून ठेवलं आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, मग त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, तसंच निराधार आणि बेघर माणसाला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात इलाज मोफत. जिल्ह्यात ठरलेल्या किमान सेवा नसतील तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे इलाज घ्यायचा आणि खर्च सरकारने द्यायचा. आवश्यक औषधांच्या यादीतली औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळायला हवीत. साखळीने बांधायला बंदी. एकविसाव्या कलमात असंही आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं.

१९१२ चा कायदा विचारत होता, खर्चाची हमी कोण घेणार? २०१७ चा म्हणतो, सरकार घेईल. मधे १०५ वर्षं. प्रत्यक्षात हे पैसे मागायला कुठल्या खिडकीवर जायचं, हे कलमात लिहिलेलं नसतं. विम्याचंही तसंच. पॉलिसी आणि सरकारी योजना बहुतेक दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च देतात, आणि हा आजार तर मुख्यतः ओपीडीचा, दर महिन्याच्या गोळ्यांचा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण दिवाळीच्या सुटीनंतरचं आहे. माझ्या नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. मुलगी महिन्याभरापासून बोलत नाही, जेवत नाही, रात्रभर जागी असते. बाई नकाबाच्या आत रडत होत्या. म्हणाल्या, “सर, एका खाजगी ठिकाणी नेलं. पहिल्या वेळेची फी आणि गोळ्या मिळून आठवड्याचा पगार गेला. पुन्हा पंधरा दिवसांनी बोलावलंय. आता कुठून आणू? आणि कुणाला कळलं तर हिचं पुढे काय?” त्या चार घरी धुणंभांडी करतात.

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. लिहून दिलेली गोळी तिथे नसली तर जनऔषधी दुकानात त्याच औषधाचं नाव दाखवा, कंपनीचं नाही. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ ला फोन लावा, टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि जकातीचं म्हणाल तर आमच्या मोहल्ल्याच्या कमिटीला मी दोन वर्षांपासून सांगतोय की डायलिसिससाठी देता तसं यासाठीही द्या. एक बुजुर्ग म्हणाले, “मास्तर, ये कोई बीमारी है?” मी त्यांना कलावूनचा दवाखाना सांगितला. ते म्हणाले, बघू. यंदाच्या रमजानात त्यांनी तीन घरांच्या गोळ्यांचे पैसे दिले, नावं न विचारता.

बाईंना एकट्याने जायची हिंमत होत नव्हती. बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी आणि माझी बायको त्यांच्यासोबत गेलो. रांग मोठी होती. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी मुलीलाच विचारलं, तुझं नाव काय, आणि तिने सांगितलं, हळू आवाजात. मग एक फॉर्म आला, पालकाच्या सहीसाठी. बाईंनी तो माझ्याकडे दिला. मी त्यांना तो पूर्ण वाचून दाखवला, मराठीत आणि मग उर्दूत, दोनदा. धोकादायक हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मग त्यांनी सही केली. पुढची तारीख एकवीस दिवसांनंतरची आहे.